येरळवाडीवरून निघून जाणारे पक्षी मोजताना

मी साताऱ्यातील एका पतसंस्थेत रोखपाल आहे. गेली एकवीस वर्षे नोटा मोजणे हेच काम असल्यामुळे मोजणीची भीती मला वाटण्याचे कारण नव्हते. तरीही २०२५ च्या जानेवारीत, वडूजजवळच्या येरळवाडीच्या जलाशयावरील स्थलांतरित पक्ष्यांची फेब्रुवारी ते मे अशी नोंद ठेवायची असे ठरवले, तेव्हा पहिले आठ दिवस मी कोणाला सांगितलेसुद्धा नाही. पक्ष्यांची नावे जेमतेम तीस येत होती, दुर्बीण नव्हती, आणि परवानगी लागते की नाही, लागत असेल तर कोणाची, हे ठाऊक नव्हते. ही सुरुवात करू पाहणाऱ्या कोणाला निदान पहिल्या महिन्यातले हेलपाटे वाचावेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

वसंतातील स्थलांतर म्हटले की युरोप-अमेरिकेतील वर्णने डोळ्यांपुढे येतात, आणि ती बहुधा आगमनाची असतात: बर्फ वितळला, झाडांना पालवी फुटली आणि पक्षी आले. आपल्याकडे त्याच काळात नेमके उलटे घडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरलेले बदक, हंस, तुताऱ्या, धोबी आणि भोवत्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून उत्तरेकडे सरकू लागतात. म्हणजे आपल्याला मोजायचे असते ते जाणे, आणि ते मोजणे येण्यापेक्षा बरेच अवघड असते. पक्षी आला की दिसतो. गेला की तो दिसत नाही एवढेच कळते.

पहिला खर्च दुर्बिणीचा. ८ बाय ४२ या मापाची दुर्बीण मी ७,८०० रुपयांना ऑनलाइन मागवली आणि ती नऊ दिवसांनी हातात आली. पहिला आकडा किती पट मोठे दिसते याचा आणि दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दहा पटींची घ्यावी असा मोह होतो. परंतु हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते, त्यामुळे तिवई नसेल तर आठ पटीच बऱ्या. मला चष्मा आहे, म्हणून डोळ्यांकडील रबरी कडा आत दाबता येतात की नाही एवढे मी आवर्जून पाहिले होते.

परवानगीचे प्रकरण लांबले. मायणी परिसरातील पाणवठ्यांना २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. हा दर्जा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील कलम ३६-अ खाली दिला जातो. येरळवाडीचा बांध मात्र पाटबंधारे खात्याचा, त्यामुळे अर्ज नेमका कोणाकडे करायचा हा प्रश्न होता. ३ फेब्रुवारीला अर्धी रजा काढून मी एका कार्यालयात गेले. रस्त्यावरून पाहायला परवानगी कशाला, असे तिथे सांगण्यात आले, आणि ते खरेही होते. पण बांधावर पहाटे उभे राहायचे म्हटल्यावर दुसऱ्या कार्यालयाचा पत्ता मिळाला. तिथे संबंधित साहेब बैठकीला गेलेले होते. शेवटी साध्या कागदावर अर्ज, सोबत आधार कार्डाची छायाप्रत, भेटीच्या नियोजित तारखा आणि कारण, असे दोन प्रतींत दिले आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. ही शिक्क्याची पोच अजिबात विसरू नये. १३ तारखेला मी विचारायला गेले तेव्हा अर्ज सापडत नव्हता आणि पोच दाखवल्यावर तो दहा मिनिटांत सापडला. शुल्क काही नव्हते. पत्र मिळाले १८ फेब्रुवारीला. अटी तीन होत्या: सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच वेळ, ड्रोन नाही, पाण्यात उतरायचे नाही.

गंमत अशी की ज्या निमित्ताने हे सारे सुचले, ती 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' ही जागतिक मोजणी १४ ते १७ फेब्रुवारी या चार दिवसांत होती, म्हणजे माझे पत्र तिच्यानंतर एका दिवसाने आले. ते चार दिवस मी घराच्या गच्चीवर काढले. समोर अजिंक्यतारा, खाली शेजाऱ्यांचे शेवग्याचे झाड, आणि पंधरा मिनिटांत साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, घारी, कावळे, खारूताईला हुसकावणारा एक कोतवाल. ही वाया गेलेली वेळ नव्हती, कारण याच चार दिवसांत ई-बर्डवर, म्हणजे पाहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदी जिथे भरतात त्या संकेतस्थळावर, यादी भरण्याची सवय झाली. सुरुवातीची वेळ, किती मिनिटे पाहिले, किती अंतर चाललो, किती जण होतो, हे सारे त्यात लिहावे लागते, आणि शेवटी एक प्रश्न येतो: ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची ही यादी आहे का? मला तो पहिल्या दिवशी निव्वळ औपचारिक वाटला. खरे तर सगळे इंगित त्याच्यातच आहे, पण त्याकडे नंतर येते.

पहिली फेरी रविवार, २३ फेब्रुवारीची. सातारा, कोरेगाव, पुसेगाव, वडूज असे पन्नास-पंचावन्न किलोमीटर पडतात. पुतण्याने दुचाकी चालवायचे कबूल केले होते; पहाटे पावणेपाचला निघालो, पुसेगावात चहा घेतला आणि साडेसहाला पाण्यापाशी पोहोचलो. सूर्योदयाला अजून पंचवीस मिनिटे होती आणि थंडीने बोटे वळत नव्हती. पाण्यावरून नुसता आवाज येत होता. उजाडल्यावर जे दिसले त्याने मी घाबरून गेले, हे कबूल करायला हरकत नाही: शेकडो आकार, सगळे हलणारे, आणि पुस्तकातील चित्रासारखा एकही नाही.

सावरायला अर्धा तास लागला. सूर्य पाठीशी राहील अशी जागा आधी धरावी, म्हणजे सकाळी पूर्वेकडच्या काठाला उभे राहून पश्चिमेकडे पाहावे. मी नेमकी उलट्या बाजूला उभी होते आणि मला सगळे पक्षी काळेच दिसत होते. जागा बदलल्यावर थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच, तलवार बदकाची लांब टोकदार शेपटी, भुवई बदकाच्या डोळ्यावरची पांढरी रेघ ही एकेक खूण उलगडत गेली. नवशिक्यांनी बदके ऑक्टोबरात नव्हे, तर फेब्रुवारीत शिकावीत, असे माझे ठाम मत झाले आहे. आल्या आल्या नर बदकेही मादीसारखीच तपकिरी असतात. हिवाळा सरता सरता त्यांचा रंगीत पिसारा पुरा झालेला असतो.

मोजणीला मात्र नोकरी कामी आली. थवा दिसला की आम्ही नोटांची गड्डी करतो तशी आधी दहाची गड्डी डोळ्यांत बसवायची आणि मग तिच्यापुढे तशाच गड्ड्या मांडत जायचे. पट्टकादंब, ज्यांना आपल्याकडे राजहंस म्हणतात, ते त्या दिवशी चौसष्ट भरले. पुतण्याने वेगळे मोजले, त्याचे एकसष्ट आले. पतसंस्थेत संध्याकाळी रोकड जुळली नाही तर घरी जाता येत नाही; इथे जुळवायला दुसरी बाजूच नसते. पुन्हा मोजले, चौसष्टच आले, आणि तेवढे लिहिले. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, लांब उथळ पाण्यात होते. माना उलट्या घालून चोचीने पाणी गाळत होते. त्यांच्याकडे चालत गेलो तेव्हा अर्ध्या वाटेवर साऱ्या माना एकदम वर झाल्या आणि सगळे एका दिशेने पावले टाकू लागले. ही खूण लक्षात ठेवावी. एवढे झाले की आपण थांबायचे आणि मागे सरकायचे. आणखी दहा पावले टाकली तर ते उडतात, आणि लांबच्या प्रवासाआधी खाऊन अंगावर चरबी चढवणाऱ्या पक्ष्यांचे तर प्रत्येक उड्डाण आपण फुकट खर्ची घालतो. रोहित हे त्या अर्थाने परदेशी जाणारे नव्हेत. त्यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते.

याच फेरीत काठावरच्या गाळपेरीत हरभरा केलेल्या एका शेतकऱ्याची ओळख झाली. पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या जमिनीत हे पीक घेतात. राजहंस त्या हरभऱ्यात उतरतात म्हणून ते वैतागलेले असतील अशी माझी समजूत होती. ते म्हणाले, "खात्यात की. पर किती खातील? रानडुकरापुढं ह्यांचं काय घेऊन बसलाय ताई!" मी त्यांना काका म्हणू लागले. त्यांचा मोबाइल क्रमांक घेतला ही या चार महिन्यांतली सर्वांत उपयोगी गोष्ट ठरली.

दुसरी फेरी ९ मार्चला केली. हंसांचा आकडा कमी होईल अशी अपेक्षा होती, तो वाढून एकाहत्तर झाला. घरी येऊन विचार केल्यावर लक्षात आले की आणखी दक्षिणेकडे, कर्नाटकात, हिवाळा काढलेले थवेही याच वाटेने परतताना मध्ये टेकत असणार. एकच फेरी केली असती तर या पाण्यावर एकाहत्तर हंस राहतात असे मी खुशाल सांगत सुटले असते.

त्या दिवशी परतताना संध्याकाळ झाली, आणि पुसेगावच्या अलीकडे बाभळींच्या एका बनावर भोरड्या उतरताना पाहिल्या. पुस्तकी मराठीत गुलाबी मैना किंवा पळसमैना. काकांना मी सकाळी तेच नाव सांगितले होते, त्यावर ते हसले होते. "मैना न्हवं ओ, भोरड्या त्या. शाळू निघाला की जात्यात." शाळवावर माळा बांधून गोफण फिरवणाऱ्या माणसाला या पक्ष्याचे नाव सांगण्याचा आगाऊपणा मी पुन्हा केला नाही. त्या हजारोंच्या लाटा मोजण्यासाठी आकाशात अंगठ्याएवढा तुकडा कल्पून त्यात पन्नास पक्षी धरले आणि तसे चाळीस तुकडे मांडले. दोन हजार झाले. अदमास लिहायला लाजू नये. आकडा न लिहिता नुसते 'होते' म्हणण्यापेक्षा विचारपूर्वक केलेला अदमास उपयोगी पडतो.

एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर्तमानपत्रे या पक्ष्यांना दरवर्षी 'परदेशी पाहुणे' म्हणतात. भोरड्या मध्य आशियात मे-जूनमध्ये पिल्ले वाढवतात आणि पावसाळा सरायच्या आत आपल्याकडे परत येतात. वर्षातले आठ महिने इथे काढणाऱ्याला पाहुणा म्हणायचे कसे?

२३ मार्चची फेरी सर्वांत कठीण गेली, कारण राहिलेल्या पक्ष्यांनी कपडे बदललेले होते. महिनाभर राखाडी दिसलेल्या मालगुजांच्या, म्हणजे चिखलात लांब चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांच्या, माना विटकरी झाल्या होत्या. मळकट पिवळसर म्हणून जे धोबी मी पाठ केले होते, त्यांतील नर आता हळदीत बुडवून काढल्यासारखे झाले होते आणि डोकी कोणाची राखाडी, कोणाची काळी. मी वहीत तीन 'अनोळखी' लिहिले आणि घरी आल्यावर ते तिन्ही ओळखीचेच निघाले. मोबाइलमधील मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपचा भारताचा संच घरूनच उतरवून नेलेला होता म्हणून बरे, कारण काठावर नेट मिळत नव्हते. पण त्यातही विणीच्या आणि हिवाळी अशा दोन्ही पिसाऱ्यांची चित्रे पाहावी लागतात हे आधी कोणी सांगितले असते तर एक सकाळ वाचली असती. हंस सव्वीस उरले होते. उन्हाचा त्रासही याच फेरीपासून सुरू झाला: नऊनंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दुर्बिणीत सगळे पक्षी विरघळल्यासारखे दिसतात. तेव्हा वही मिटून निघावे हे उत्तम.

६ एप्रिल, रामनवमी. नऊ हंस. बदकांत थापट्या तेवढे थोडे राहिले होते, बाकी पाण्यावर आपले इथलेच: हळदी-कुंकू बदके, शेकाट्ये, पाणकावळे, टिटव्या. ते नऊ पक्षी गाळपेरीच्या कापलेल्या रानात अगदी जवळ चरत होते, आणि त्यांच्या पांढऱ्या डोक्यावरचे ते दोन काळे पट्टे पहिल्यांदाच दुर्बिणीशिवाय स्पष्ट दिसले. एकाचा वरचा पट्टा एका बाजूला किंचित तुटलेला होता. दोन-तीन किलो वजनाचा हा पक्षी, आणि उपग्रहावरून माग ठेवलेल्या पट्टकादंबांपैकी एकाची उंची ७,२९० मीटर भरली आहे. समोरचा मात्र हरभऱ्याच्या खुंटाशी ओढाताण करत होता आणि तो सुटत नव्हता. कोणाच्या पायात कडी किंवा गळ्यात पट्टा आहे का, हे मी प्रत्येकाचे पाहिले. मंगोलियात अशा खुणा केलेले पट्टकादंब दक्षिण भारतापर्यंत आढळलेले आहेत. यांच्यात कोणाला नव्हती. असल्यास त्यावरील अक्षरे व आकडे, पट्ट्याचा रंग, तारीख आणि जागा अशी सगळी माहिती लिहून घ्यावी.

२० एप्रिलला एकच हंस होता. यादी भरताना ई-बर्डने तो या दिवसांसाठी असाधारण ठरवून तपशील मागितला. मी वर्णन लिहिले आणि पुतण्याने मोबाइल दुर्बिणीला लावून काढलेले धूसर छायाचित्र जोडले. २४ तारखेला तपासनिसांचा मेल आला. हे काम अनुभवी पक्षीनिरीक्षक स्वयंसेवी वृत्तीने करतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते, आणि मेलचा विषय वाचूनच हिशेब तपासणीची नोटीस आल्यासारखा पोटात गोळा आला. आत एवढेच विचारले होते: ओळख बरोबर आहे, पण पक्ष्याचा डावा पंख पाहिलात का? छायाचित्र मोठे करून पाहिले. पंखाचे टोक खाली लोंबत होते. तासभर त्याच्याकडे बघून, वर्णनात डोक्यावरच्या पट्ट्यांवर चार ओळी लिहून, ते मला दिसले नव्हते.

तो गेला नव्हता, कारण त्याला जाता येत नव्हते. मी त्याच दुपारी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवले. असा पक्षी दिसल्यास स्वतः धरायला जाऊ नये. जागा नेमकी सांगावी, जमल्यास स्थानिक माणसाचा क्रमांक द्यावा. मी काकांचा दिला. दुसऱ्या दिवशी माणसे आली, परंतु पक्षी पोहत खोल पाण्यात गेला आणि हाती लागला नाही, असे काकांकडून कळले. त्यानंतर दोन दिवस तो त्यांना दिसला, मग नाही.

माझ्या हिशेबातील चूकही तेव्हाच उघडी पडली. हंस शेवटचे कधी गेले, हे मला सांगायचे होते. २० एप्रिल म्हणावे तर तो जखमी पक्षी होता. ६ एप्रिल म्हणावे तर ती गेल्याची तारीख नव्हे, मी पाहिल्याची. मधले चौदा दिवस कोरे. दर पंधरा दिवसांनी फेरी हे माझे नियोजन रजा आणि पेट्रोल पाहून केलेले होते, पक्षी पाहून नव्हे. पुन्हा करायचे झाले तर फेब्रुवारीत एकच फेरी करीन आणि १५ मार्च ते १५ एप्रिल दर आठवड्याला जाईन. मधल्या दिवसांसाठी काकांसारखा माणूस हवा. त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले की आठच्या आठ हंस एका रात्री गेले. पौर्णिमा होती की आदली रात्र, एवढे त्यांना आठवत नव्हते. पंचांगात पाहिले, हनुमान जयंती १२ एप्रिलची. मी वहीत पेन्सिलीने लिहिले: ११ किंवा १२, ऐकीव.

४ मेच्या फेरीत हंस नव्हता, जखमीही नाही. शेवटची फेरी शनिवार, १० मे. जागतिक स्थलांतरित पक्षी दिन त्या दिवशी होता. सहाला उजाडले. पाणी एवढे आटले होते की २३ फेब्रुवारीला मी उभी होते तिथून काठ बराच आत गेला होता. दोन तासांत चोवीस जाती झाल्या, त्यांतला दुरून आलेला एकही नाही. पुतण्या म्हणाला, "आत्या, आज काही नव्हतंच की." वहीत मी हंसांपुढे शून्य लिहिले, ई-बर्डवर तसे लिहायचे नसते, ती जागा रिकामी ठेवायची असते. मात्र शेवटच्या प्रश्नाला, ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची ही यादी आहे का, 'होय' म्हटले की त्या रिकाम्या जागेला अर्थ येतो: या माणसाने पाहिले आणि तिथे हंस नव्हता. 'नाही' म्हटले तर ती जागा नुसतीच रिकामी राहते.

सात फेऱ्यांचे पेट्रोल सुमारे १,९०० रुपये झाले, चहा-नाश्ता ७००, दुर्बीण धरून साडेदहा हजारांच्या आत सगळे बसले. रजा तीन अर्ध्या दिवसांच्या गेल्या, आणि त्या तिन्ही परवानगीसाठी. फेऱ्या सुट्टीच्या दिवशीच केल्या.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पतसंस्थेत गर्दीच्या वेळी काकांचा फोन आला. बाजरीवर भोरड्या उतरल्या होत्या, वीस-पंचवीस, अंगावर गुलाबी नसलेल्या मळकट पिल्लांसकट. मी काउंटरवरच्या पावतीच्या मागे तारीख लिहून घेतली. ती वहीत आहे, पेन्सिलीने.